डायनासोर आणि प्राण्यांच्या फिगर: मराठवाड्याच्या उन्हात संग्रह जमवायचा आणि टिकवायचा कसा

एप्रिल निम्मा झाला की पत्र्याच्या घरात शेल्फावर ठेवलेला प्लास्टिकचा टी. रेक्स हळूहळू पुढे झुकू लागतो. मे महिन्यात तो नाकावर येतो आणि पडताना शेजारच्या ट्रायसेराटॉप्सचं शिंगही मोडतो. फिगर बनावट निघाली असं वाटून लोक दुकानदाराशी भांडतात. दोष बहुतेक वेळा फिगरचा नसतो, ती ठेवली त्या जागेचा असतो. म्हणून खरेदीच्या आधी दोन गोष्टी ठरवा: कोणत्या स्केलचा, म्हणजे खऱ्या प्राण्यापेक्षा किती पट लहान फिगरचा, संग्रह करायचा आणि घरातल्या कोणत्या भिंतीला तो ठेवायचा.

आधी स्केल

बहुतेक कंपन्या किमतीच्या गटाप्रमाणे फिगर बनवतात. एका किमतीच्या डब्यात जवळपास एकाच आकाराचे प्राणी येतात, मग आत व्हेलोसिरॅप्टर असो की टी. रेक्स. दोन्ही शेजारी मांडले की कोंबडा आणि बैल एकाच मापाचे दिसावेत तसं दिसतं. एकेक फिगर कितीही चांगली असली तरी शेल्फ खोटं वाटतं.

हिशोब सोपा आहे. प्राण्याची खरी लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या आणि स्केलच्या आकड्याने भागा. डायनासोरसाठी १:४० सोयीचं पडतं. टी. रेक्स सुमारे १२ मीटर, म्हणजे फिगर ३० सेंटिमीटरची हवी. साडेआठ मीटरचा ट्रायसेराटॉप्स २१ सेंटिमीटर होतो. व्हेलोसिरॅप्टर जेमतेम २ मीटरचा, त्यामुळे त्याची फिगर फक्त ५ सेंटिमीटरची. २२ मीटरचा लांब मानेचा जिराफाटायटन घ्यायचा तर ५५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी लागते. घर लहान असेल तर त्याचा नाद सोडलेला बरा.

लांबी मोजताना पट्टी सरळ लावू नका. नाकापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा फिरवा आणि मग दोरा मोजा. मान वळवलेली, शेपटी उचललेली फिगर पट्टीवर चार-पाच सेंटिमीटर कमी भरते. डब्यावर स्केल छापलेलं असलं तरी मोजाच.

आजच्या प्राण्यांना १:४० चालत नाही. या मापात काळवीट खांद्याशी २ सेंटिमीटरचं होतं, त्याला चेहराही धड उरत नाही. त्यांच्यासाठी १:२० धरा. मग वाघ नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे १४ सेंटिमीटर, आशियाई हत्ती खांद्याशी तेवढाच, काळवीट ४ आणि लांडगा साडेतीन सेंटिमीटर. दोन स्केलसाठी दोन वेगळे कप्पे ठेवा. डायनासोरच्या कप्प्यात तुलनेसाठी १:४० चा एक माणूस उभा करायला हरकत नाही, तो सव्वाचार सेंटिमीटरचा असतो. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या दुकानात मिळणारी १:५० ची माणसं इथे खुजी दिसतात.

१:४० चा पायंडा बराच जुना आहे. सफारी लिमिटेड या अमेरिकी कंपनीने १९८८ ते २०१५ या काळात कार्नेगी नावाची मालिका याच मापात काढली. ती बंद झाल्यामुळे आता सेकंड हँडच मिळते. तिच्यातल्या जुन्या फिगर शास्त्रीयदृष्ट्या मागे पडल्या आहेत, पण शेल्फाला माप लावायला उत्तम. आज कलेक्टा या कंपनीच्या डिलक्स फिगर १:४० च्या असतात. हाओलाँगगुड ही कंपनी १:३५ मध्ये काम करते, इओफौना १:३५ आणि १:४० मध्ये. १:३५ आणि १:४० एकत्र ठेवले तर डोळ्याला फारसं खटकत नाही, त्यापुढे जाऊ नका.

अस्सल कोणती हे कसं पाहायचं

रंग पाहून भुलू नका, आधी हातपाय पाहा. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरचे तळवे एकमेकांकडे असायला हवेत, टाळी वाजवायच्या तयारीत असल्यासारखे. तळवे जमिनीकडे असतील तर मनगट मोडल्याशिवाय तसं होणं शक्य नव्हतं. टी. रेक्सला दोन बोटं, अ‍ॅलोसॉरसला तीन. शेपटी जमिनीवर टेकलेली नको. आपल्याकडे गुजरातेत सापडलेल्या राजासॉरसच्या कुळातल्या प्राण्यांचे हात टी. रेक्सपेक्षाही तोकडे होते आणि त्यांना चार आखूड बोटं असत. राजासॉरस म्हणून विकलेल्या फिगरला तीन लांब नख्या दिसल्या तर कारखान्याने दुसऱ्याच डायनासोरच्या धडावर शिंग चिकटवलं आहे असं समजा.

लांब मानेच्या सॉरोपॉडमध्ये सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायात होतात. कारागीर हत्तीचा पाय बनवून त्याला पाच नखं लावून देतात. खऱ्या सॉरोपॉडच्या पुढच्या पायाची हाडं खांबासारखी उभी आणि अर्धगोल रचलेली असत. नख असलंच तर फक्त अंगठ्याला, आणि टायटॅनोसॉर गटातल्या अनेकांना तेही नव्हतं. फिगर उलटी करून पाय पाहा. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, एवढ्यावरून बनवणाऱ्याचा अभ्यास कळतो.

व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजायच्या गाठी सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर बिनपिसांची फिगर घ्यायची ती हौस म्हणून, अस्सल म्हणून नव्हे. स्पायनोसॉरसची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असल्याचं २०२० मध्ये समोर आलं, म्हणून त्याआधीच्या सगळ्या फिगर जुन्या झाल्या. टी. रेक्सचे दात बाहेर दिसावेत की ओठांनी झाकलेले हा वाद अजून चालू आहे. २०२३ मध्ये ओठांच्या बाजूने मोठा शोधनिबंध आला, तरी दोन्ही प्रकार ठेवायला हरकत नाही.

प्राण्यांमध्ये हत्ती ही पहिली परीक्षा. आशियाई हत्तीची पाठ वर फुगलेली, डोक्यावर दोन उंचवटे, कान लहान आणि सोंडेच्या टोकाला एक बोट. आफ्रिकी हत्तीची पाठ मधे खोलगट आणि सोंडेला दोन बोटं. पाठ आफ्रिकी आणि कान आशियाई अशी खिचडी स्वस्त फिगरमध्ये सर्रास सापडते. वाघाच्या कानामागे पांढरा ठिपका हवा, तो रंगवायला हमखास विसरतात. खात्री करायची तर छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन वाघाचे कान मागून पाहा. काळवीट म्हणून अनेकदा आफ्रिकेतलं इम्पाला हातात ठेवतात. काळवीटाची शिंगं मळसूत्रासारखी पिळलेली असतात, चिंकाऱ्याची जवळपास सरळ आणि कड्याकड्यांची.

कुठून सुरुवात करावी

जगभरचे ठरलेले दहा डायनासोर सगळ्यांकडे असतात. आपल्या खोऱ्यांचा संग्रह कमी जणांकडे आहे, आणि त्यात अभ्यासाची मजाही जास्त. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात डायनासोर शोधायला जाऊ नका. तो बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, हाडं त्याच्या खालच्या आणि त्याहून जुन्या गाळात आहेत.

नांदेडच्या घाटांवरून खाली जाणारी गोदावरी सिरोंच्याजवळ प्राणहितेला मिळते. त्या खोऱ्यात बारापासॉरस सापडला. सुमारे १४ मीटर लांबीचा हा शाकाहारी जुरासिक काळातला. त्याचं मांडीचं हाड सुमारे १.७ मीटर भरलं, म्हणून ‘मोठ्या पायाचा’ हे नाव. हाडं खणण्याच्या काळातलं १९६१ हे वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं होतं, म्हणून पुढचं नाव टागोराय. १९७५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याची कवटी मिळालेली नाही, फक्त काही दात मिळाले. त्यामुळे फिगरचं डोकं कलाकाराच्या अंदाजाने केलेलं असतं. १:४० मध्ये लांबी ३५ सेंटिमीटर.

दुसरा इसिसॉरस, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. १९९७ मध्ये वर्णन झालं, २००३ मध्ये त्याच सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव मिळालं. पुढचे पाय लांब, म्हणून पाठ मागे उतरती हवी. तिसरा राजासॉरस, गुजरातेत रहिओलीचा, नाव २००३ चं. लांबी साडेसहा मीटरच्या आसपास आणि कपाळावर एक बुटकं शिंग. १:४० मध्ये सोळा-साडेसोळा सेंटिमीटर.

गोदावरी आणि मांजरेच्या गाळात हिमयुगातल्या प्रचंड हत्तींचे, पॅलिओलॉक्सोडॉनचे, अवशेषही मिळाले आहेत. इओफौनाचा पॅलिओलॉक्सोडॉन युरोपातल्या जातीचा आहे. भारतीय जातीच्या कपाळावरची आडवी हाडाची कड आणखी जाड होती. तेवढा फरक एम-सीलने करता येतो.

खरेदी

परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेली. ती वस्तूच्या किमतीसह वाहतूक आणि विम्याच्या रकमेवरही लागते, वर जीएसटी. बाहेरून मागवायचंच असेल तर कुरियरचा खर्च आधी हिशोबात धरा, नाहीतर स्वस्त फिगर दारात येईपर्यंत दुप्पट होते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. लहान मुलं हाताळणार असतील तर चिन्ह नसलेली फिगर घेऊ नका.

नक्कल ओळखायला पोट आणि तळपाय पाहा. श्लाइक, सफारी, कलेक्टा, पापो या कंपन्या नाव आणि वर्ष तिथे कोरतात. नक्कल असेल तर ते नाव पुसट झालेलं किंवा खरवडलेलं असतं. कारण साचा मूळ फिगरवरूनच घेतात, आणि त्यामुळे ती आकारानेही थोडी लहान भरते. साच्याची जोडरेघ पोटावरून थेट जबड्यापर्यंत दिसते, डोळ्याचा काळा ठिपका बुबुळाबाहेर सरकलेला असतो. उघडताच उग्र रॉकेलसारखा वास आला तर मुलांपासून लांब ठेवा.

ऑर्डर ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच द्या. मे महिन्यात डिलिव्हरीच्या बंद गाडीत डबा दिवसभर तापतो आणि आवळून बांधलेले पाय त्याच आकारात बसतात. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, तक्रारीला तोच पुरावा लागतो.

अस्सल दिसावं म्हणून कोणी काळवीटाचं खरं शिंग किंवा कातडं देऊ केलं तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, घरात जुनं पडलेलं असलं तरी.

जागा आणि ऊन

बहुतेक फिगर मऊ पीव्हीसीच्या असतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उष्णता वाढली की पीव्हीसी सैल होतं आणि सगळं वजन पेलणारा घोटा आधी वाकतो. म्हणून दोन पायांचे पडतात, चार पायांचे सहसा पडत नाहीत.

पत्र्याची खोली आणि पश्चिमेची भिंत टाळा. माळवदाच्या घरात कोनाडा असेल तर त्यापेक्षा चांगली जागा नाही, जाड भिंतीमुळे तो दुपारीही थंड राहतो. फक्त वरून पांढरी माती झडते, म्हणून कोनाड्याला काचेचं दार बसवा. सिमेंटच्या घरात मधल्या खोलीची आतली भिंत निवडा. कूलरच्या झोतासमोर शोकेस नको. बोअरच्या पाण्याचे क्षार हवेतून येऊन काचेवर आणि फिगरवर पांढरे थर चढवतात, ते नंतर ओल्या फडक्याने निघत नाहीत.

शोकेस अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची आणि सरकत्या काचांची करून घ्या, काचांच्या फटीला ब्रश पट्टी लावायला सांगा. फुफाटा तिथूनच आत येतो. फळीची खोली १२ इंच, दोन फळ्यांमधलं अंतर मांसाहारी डायनासोरसाठी ८ इंच आणि सॉरोपॉडसाठी १४ इंच. दिवे एलईडीच, त्यांना वीज पुरवणारा डबा (ड्रायव्हर) शोकेसच्या बाहेर. पावसाळ्यात प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी. रिकामे डबे जपायचे असतील तर जमिनीपासून वर ठेवा, पुठ्ठा वाळवीच्या पहिल्या तावडीत सापडतो.

पीव्हीसीची फिगर थर्माकोलवर किंवा कडक पॉलिस्टायरीनच्या तळावर वर्षानुवर्षं उभी ठेवू नका. तेच तेलकट द्रव्य झिरपून थर्माकोल वितळवतं आणि पाय त्याला चिकटतात. मधे काच किंवा सिरॅमिक टाइलचा तुकडा ठेवा.

वाकलेला पाय सरळ करणं

पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात पाणी थोडं निवतं. आधी शेपटीचं टोक बुडवून रंग उडतो का पाहा. मग फक्त पाय बुडवा, धड नको. फिगर पोकळ असेल तर आत शिरलेलं पाणी महिनोन्‌महिने सुकत नाही आणि काळी बुरशी धरते. बारीक पायांना ६० ते ९० सेकंद, जाड पायांना दोन-तीन मिनिटं लागतात.

बाहेर काढून घोटा हवा त्यापेक्षा किंचित जास्त मागे वाकवा, कारण सोडल्यावर तो थोडा परत येतो. तळवे स्टीलच्या ताटावर सपाट दाबा आणि तसंच धरून बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. पाय सरळ दिसला की ते सोडून देतात आणि गरम पीव्हीसी जुन्या आकाराकडे वळतं. नंतर २४ तास उभं ठेवून पाहा. परत झुकला तर छातीखाली ३ मिलिमीटर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कांडी लावा. आधार दिसायला नको असेल तर एप्रिल ते जून त्याला आडवं झोपवून ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

मेणबत्ती, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह यांपैकी काहीही वापरू नका. रेझिनची कडक फिगर गरम पाण्यात घालूच नका, ती वाकत नाही, तडकते. रेझिनचा तुकडा मोडला तर दोन्ही बाजूंना १ मिलिमीटरचं छिद्र पाडा, वायरमधली तांब्याची तार खिळ्यासारखी बसवा आणि मग फेविक्विक लावा. नुसतं फेविक्विक पहिल्याच धक्क्याला सुटतं.

धूळ

आठवड्याला मऊ मेकअप ब्रश पुरे. चार महिन्यांतून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. आरओचं किंवा पावसाचं वापरा, नाहीतर सुकल्यावर खवल्याखवल्यांत पांढरे डाग राहतात. उन्हात वाळवू नका. थिनर आणि नेल पॉलिश रिमूव्हर रंगासकट सगळं काढतात.

लाल कंधारी आणि देवणी घरी बनवणं

परदेशी कंपन्यांच्या गोठ्यात होल्स्टिन आणि हेरफर्ड भरपूर, कंधारचा किंवा देवणीचा बैल कुठे मिळत नाही. १:२० ची वशिंड असलेली ब्रह्मन बैलाची फिगर घ्या, खांद्याशी साडेसहा-सात सेंटिमीटर.

साबणाने धुऊन वाळवा, नाहीतर साच्याच्या तेलावर रंग बसत नाही. एम-सीलचे दोन्ही भाग समान घेऊन एक रंग होईपर्यंत मळा आणि वशिंड, गळ्याखालची पोळी, शिंगं हवी तशी घडवा. बोट ओलं ठेवलं की चिकटत नाही. एक दिवस वाळू द्या, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. रंग फक्त अ‍ॅक्रिलिक. डब्यातला स्प्रे पेंट मऊ पीव्हीसीवर महिनोन्‌महिने चिकट राहतो, त्यावर धूळ बसली की ती निघत नाही. पातळ थर द्या, एका जाड थरापेक्षा तीन पातळ बरे.

लाल कंधारीला बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा किरमिजी आणि नखभर काळा मिसळा. वळूच्या मानेवर आणि वशिंडावर तोच रंग गडद करा, डोळ्याभोवती काळसर कडं काढा, शिंगं मध्यम आणि सारखी वळलेली ठेवा. देवणीच्या बाबतीत आधी प्रकार ठरवा. वानेरा पांढरा आणि तोंडाचा काही भाग काळा, बालंक्या पांढरा आणि अंगाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके, शेवरा पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके. तिन्ही मिसळून एक बैल केला तर लातूरकडचा कुणीही पाहुणा पहिल्या नजरेत चूक काढेल. शेवटी पाण्यावरचं मॅट व्हार्निश. पोळ्याला दोऱ्याची झूल घालायची तर शिवून घाला, चिकटवू नका.

तळ

चिकणमातीसारखी काळी माती वाळली की भेगाळते आणि झाडं उपटून काढते, म्हणून तळाला मुरूम चांगला. तो चाळणीने चाळा आणि तव्यावर दहा मिनिटं कोरडा भाजा, किड्यांची अंडी मरतात. प्लायवुडवर फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून लावा, वर मुरूम भुरभुरा.

बारापासॉरसच्या पायाखाली गवत किंवा फुलं लावू नका, जुरासिकमध्ये गवत नव्हतं. नेचे आणि सूचिपर्णी झाडं लावा. इसिसॉरस आणि राजासॉरसला मात्र थोडं गवत चालतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. शेताच्या बांधावरचा बेसॉल्टचा खडा त्यांच्याजवळ शोभतो, त्यांचा काळ त्या लाव्ह्याच्या अगदी तोंडावरचा आहे.

नोंदवही

प्रत्येक फिगरला क्रमांक द्या. प्राणी, कंपनी, कोरलेलं वर्ष, मोजलेली लांबी, त्यातून निघालेलं स्केल, किंमत आणि केलेली दुरुस्ती लिहा. दोन पायांच्या प्रत्येक फिगरचा मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाजूने फोटो घ्या, मागे ओळंबा लटकवून. एप्रिलच्या अखेरीस त्याच जागेवरून पुन्हा घ्या. डोकं ओळंब्याच्या पुढे ५ मिलिमीटर सरकलं असेल तर मेची वाट पाहू नका, कांडी त्याच दिवशी लावा.